थोरल्या चुलीचा विस्तव

फार पूर्वी, काड्यापेटी अजून जन्माला यायची होती तेव्हा, एका उंच पठारावर एक ख्रिस्ती गाव होतं. गावाच्या दोन वाड्या होत्या. एक वरची, पठाराच्या माथ्यावर. दुसरी खालची, ओढ्याच्या काठाला. दोन्ही वाड्यांचा प्रभू एक, देऊळ एक आणि पाळकबाबाही एकच. फक्त बसायच्या बाजू वेगळ्या होत्या. वरची वाडी उजवीकडे बसे, खालची डावीकडे. प्रार्थनेला सगळे अगदी घट्ट डोळे मिटत. एकमेकांची तोंडं दिसू नयेत म्हणून मिटतात, असं पाळकबाबांची बायको म्हणायची, आणि ती फारशी चुकत नसे.

पठारावर वारा फार, आणि घरं गवतानं शाकारलेली. वाडवडिलांच्या काळी एका रात्री कुणाच्या तरी चुलीतून ठिणगी उडाली आणि सगळी वरची वाडी जळून गेली. तेव्हापासून एक रीत पडली. दिवस मावळला की प्रत्येकानं आपल्या चुलीवर पाणी ओतायचं. रात्रभर विस्तव राखायचा तो वरच्या वाडीतल्या एकाच घरात. त्या घराला दगडी भिंती होत्या, वर कौलं होती आणि मधोमध एक भलीमोठी चूल होती. तिला सगळे थोरली चूल म्हणत. सकाळी घरोघरच्या बाया मडकं घेऊन तिथं येत आणि विस्तव नेत. मग एकेका घरातून धूर निघू लागे.

विस्तव नेण्याचीही पद्धत होती. मडक्यात आधी राख, राखेवर निखारे, वर पुन्हा राख आणि तोंडावर मातीच्या परळाचं झाकण. डोक्यावर चुंबळ ठेवायची आणि चुंबळीवर ते मडकं. हातात धरलं तर हात भाजतात, कडेवर घेतलं तर लुगडं. म्हणून पठारावर विस्तव डोक्यावरूनच जायचा.

थोरल्या चुलीला नियम एकच होता. दारात येईल त्याला विस्तव द्यायचा. मागणारा चोर असो, साव असो की भांडकुदळ शेजारीण असो, नाही म्हणायचं नाही.

ही चूल राखणारी बाई विधवा होती. तिचं नाव रिबका. लहानथोर सगळे तिला रिबकामावशी म्हणत. बाई हाडापेरानं मजबूत, तोंडानं फटकळ. तिला एकच मुलगा होता.

दोन वाड्यांच्या मध्ये गवताचं एक कुरण होतं. घरं शाकारायला दोघांनाही तेच गवत लागे, त्यामुळे दर वर्षी कापणीच्या वेळी भांडण ठरलेलं. आरडाओरडा व्हायचा, विळे उगारले जायचे, मग सगळे दमून घरी जायचे. पण एका वर्षी काठ्या निघाल्या. खालच्या वाडीतल्या एका तरुणाची काठी रिबकाच्या मुलाच्या डोक्यात बसली आणि मुलानं कुरणातच प्राण सोडला. राजाच्या शिपायांनी त्या तरुणाला धरून नेलं. त्यानं तुरुंग भोगला, आणि मुदत भरल्यावर तो घरी आला. राजाच्या लेखी गोष्ट संपली.

वरच्या वाडीच्या लेखी ती तिथून सुरू झाली. वाडीच्या पाटलांनी हुकूम काढला की खालच्या वाडीला थोरल्या चुलीचा विस्तव द्यायचा नाही. खालच्या वाडीनंही मान ताठ केली आणि आपली वेगळी चूल मांडली. त्या दिवसापासून दोन वाड्यांमधून विस्तव जाईना. आपण बोलताना म्हणतो तसा नव्हे, खरोखरच जाईना.

पुढे दर वर्षी कापणीच्या आदल्या दिवशी पाटील सभा बोलवू लागले. रिबकाला पुढं पाटावर बसवत. पाटील तिच्या मुलाचं नाव घेत आणि सगळ्यांकडून शपथ वदवून घेत, की खालच्यांना पाणी नाही, विस्तव नाही, माफी नाही. पाटलांना शास्त्राचाही आधार होता. वैरी भुकेला असेल तर त्याला जेवू घाल, तसं केलंस तर त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास पडेल, असं त्यांनी देवळात कधीतरी ऐकलं होतं. जेवू घालण्याचा भाग त्यांच्या लक्षात राहिला नव्हता. निखाऱ्यांवर मात्र त्यांचा फार जीव.

"डोक्यावर निखारे," ते मूठ आपटून म्हणत. "प्रभूचंच वचन आहे."

आणि सभा माना डोलावे.

सुरुवातीला रिबकाला ते बरं वाटलं. आपल्या लेकाला गाव विसरलं नाही, असं तिला वाटे. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं की नाव घेतात, पण त्याची आठवण कुणालाच नाही. तो भजनात बेसूर गायचा आणि तरी सगळ्यांत मोठ्यानं गायचा. चुलीत शेंगा भाजून सदऱ्याच्या खिशात भरायचा आणि खिसे काळे करून आणायचा. हे त्या सभेत कुणी बोललं नाही. त्यांनी तिच्या मुलाच्या नावाची काठी केली होती आणि ती हाताशी ठेवली होती. पण रिबका गप्प बसली, कारण द्वेष तिच्याही पोटात होता. रोज सकाळी ती थोरली चूल फुंकायची आणि त्या तरुणाचं वाटोळं होवो असं मनातल्या मनात म्हणायची. तेवढं झालं की तिचा दिवस सुरू व्हायचा.

मग एका वर्षी पावसानं पठारावर ठाण मांडलं. आभाळ उघडेना. ओढा फुगला आणि खालच्या वाडीत शिरला. घरांत पाणी, धान्यात पाणी, आणि त्यांची चूल तर पाण्याखालीच गेली. पाणी ओसरलं तरी ओल हटेना; गारगोट्या आपटून ठिणगी पडे, पण दमटलेला कापूस काही केल्या पेट घेईना.

वरच्या वाडीतले लोक ओसरीवर उभे राहून खाली बघत.

"धूर नाही," एक म्हणे.

"कालपण नव्हता," दुसरा म्हणे, आणि दोघं समाधानानं आत जात.

काहींना त्यात देवाचा हात दिसला. देवाचा हात कुठं दिसावा हे माणूस आपल्या सोयीनं ठरवतो.

रिबकानंही दारातून खाली पाहिलं. धूर नव्हता. तिला आनंद झाला. त्या आनंदात तिनं चुलीवर पेज ठेवली, वाटीत वाढून घेतली आणि पहिला घोट घेताना तिच्या लक्षात आलं की आज आपण गुणगुणतो आहोत. मुलगा गेल्यापासून ती कधी गुणगुणली नव्हती. आज का, हे तिला कळलं. खाली कुणाचं तरी तान्हं मूल थंडीनं काकडतंय, म्हणून. वाटी तिनं खाली ठेवली.

तेवढ्यात दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. एक म्हातारी होती. गुडघ्यापर्यंत चिखल, अंगावर पावसाचं इरलं, आणि डोक्यावर चुंबळीवर रिकामं मडकं. रिबकानं तिला ओळखलं. ज्याच्या काठीनं रिबकाचा मुलगा गेला, त्याची ती आई.

म्हातारी वाडीतून चालत आली होती, तेव्हा तिच्या मागोमाग अर्धी वाडी गोळा झाली होती. पाटील सगळ्यांच्या पुढं होते. पाळकबाबा घोंगडी पांघरून सगळ्यांच्या मागं होते.

म्हातारी म्हणाली, "रिबका, मला काही मागायचं तोंड नाही. पण वाडीत लहान लेकरं आहेत. सुनेचं बाळ तर दहा दिवसांचंसुद्धा झालेलं नाही अजून. विस्तव दे."

गर्दीतून कुणीतरी हसलं. पाटील पुढं झाले.

"दे की विस्तव," ते म्हणाले. "शास्त्रात सांगितलंय तसा दे. डोक्यावर ओत. मडकं कशाला हवंय?"

आता लोक मोकळेपणी हसले. म्हातारी हलली नाही. तिनं डोळे मिटून घेतले, पण डोक्यावरचं मडकं तसंच धरून उभी राहिली.

रिबका त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग तिनं म्हातारीच्या डोक्यावरचं मडकं उतरवलं आणि आत नेलं. तिनं राखेचा थर दिला. चिमट्यानं खैराचे लालबुंद निखारे उचलून त्यावर ठेवले, एकेक करून, घाई न करता. वर राख पसरली आणि परळ झाकला. मग भाकऱ्यांची चवड फडक्यात बांधली आणि ती सगळं घेऊन बाहेर आली.

हसणं थांबलं होतं.

"रिबका," पाटील म्हणाले, "वाडीचा हुकूम आहे."

"चुलीचा नियम हुकमापेक्षा जुना आहे."

"तुझ्या लेकाच्या खुन्याची आई आहे ती. एवढी माया आली तुला तिची?"

"माया?" रिबका म्हणाली. "मला तिचं तोंड बघवत नाही. तिच्या लेकाचं नाव ऐकलं की माझ्या अंगाची लाही होते."

"मग देतेस कशाला?"

"प्रभूनं सांगितलं, वैऱ्यावर प्रीती करा. वैरी आवडून घ्या असं कुठं सांगितलं? आवडणं माझ्या हातात नाही. विस्तव माझ्या हातात आहे."

पाटलांनी मागं वळून पाळकबाबांकडे पाहिलं. पाळकबाबा घोंगडीतून म्हणाले, "रिबकाबाई, तुमचं चूक आहे असं मी म्हणत नाही. पण सध्या वातावरण तापलेलं आहे. थोडं सबुरीनं घ्यावं."

"तापलेलं?" रिबका म्हणाली. "खाली चुली विझल्यात, पाळकबाबा. आणि हे मला तुम्हीच शिकवलंत. द्वेष करणारा मनातल्या मनात खून करतो, हे वचन देवळात तुम्हीच सांगितलंत. तिच्या लेकानं एकदा मारलं. मी रोज सकाळी चूल फुंकताना त्याला मारत आले. आता बस झालं. मला माझे हात धुवायचेत."

पाळकबाबांनी घोंगडी आणखी जवळ ओढून घेतली.

वाटेवर तरणी पोरं काठ्या घेऊन आडवी उभी राहिली होती. म्हातारी त्यांच्यातून कशी जाणार? मग रिबकानं ते मडकं स्वतःच्याच डोक्यावर घेतलं आणि म्हातारीचा हात धरून ती सरळ त्यांच्यावर चालून गेली.

"माझ्या मुलाच्या नावानं उभे आहात ना?" ती म्हणाली. "मग माझ्यावर उचला काठी. त्याची आई मी आहे. तुम्ही त्याचे कोण?"

एकानं काठी खाली केली, मग बाकीच्यांनी. रिबका उतारापर्यंत गेली, तिथं तिनं मडकं म्हातारीच्या डोक्यावर ठेवलं आणि भाकऱ्या तिच्या हातात दिल्या. मग मागं वळून पाटलांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "हे बघा. वैरिणीच्या डोक्यावर निखारे. आपल्या पठारावर ते असेच नेतात."

म्हातारी उतार उतरून गेली. थोड्या वेळानं खालच्या वाडीतून धुराची एक बारीक रेघ वर आली. ती पाहून रिबकाला काही फार आनंद झाला नाही. पण ती घरी आली आणि राहिलेली पेज तिनं संपवली.

पाटील गप्प बसणाऱ्यांपैकी नव्हते. त्याच दुपारी सभा भरली आणि रिबकाला वाळीत टाकलं गेलं. थोरली चूल तिच्याकडून काढून घ्यायची आणि ती पाटलांच्या घरी न्यायची असं ठरलं. पाटलांनी ओसरीवर ओल्या मातीची नवी चूल घालून घेतली. थोरल्या चुलीतले निखारे तिकडे नेले, आणि रिबकाच्या चुलीवर घागरी ओतल्या. वाडवडिलांपासून जळत आलेली चूल चर्र आवाज करून विझली. रिबका भिंतीला टेकून बघत उभी होती. तिनं अडवलं नाही, पण विनवणीही केली नाही.

"पश्चात्ताप होतोय का?" पाटलांनी विचारलं.

"चूल विझवलीत," रिबका म्हणाली. "मी नाही विझले."

आता पाटलांना एकच काळजी होती. हिनं एकदा विस्तव दिला, उद्या आणखी कुणी देईल. म्हणून त्यांनी सगळ्या तरण्या पोरांना पहाऱ्याला बसवलं. पण चुलीपाशी नाही, उतारावर. खाली जाणाऱ्या वाटेवर. रात्रभर पोरं डोळ्यांत तेल घालून त्या वाटेकडे बघत बसली. एकही माणूस खाली गेला नाही, एकही निखारा खाली गेला नाही. पहारा अगदी चोख झाला. इकडे ओल्या मातीच्या चुलीत दमट लाकडं धुमसत राहिली. त्यांच्याकडे बघायला कुणीच नव्हतं. पहाटेच्या आधी ती विझून गेली.

सकाळी बाया मडकी घेऊन पाटलांच्या ओसरीवर आल्या. पाटीलबाईंनी राख उकरली. वरची थंड, खालची थंड. त्यांनी पार तळाशी बोटं घातली आणि मग हात पदराला पुसले.

"विझली," त्या म्हणाल्या.

आता वरच्या वाडीतल्या एकाही घरात विस्तव नव्हता. बाहेर पाऊस, घरात ओल, आणि कापूस इथंही दमटलेला. दुपारपर्यंत लेकरांनी रडून गोंधळ घातला. पाटलांचा लहानगा नातू तापानं फणफणला होता. त्याला काढा द्यायला साधं पाणी गरम करायची सोय राहिली नव्हती. आणि वरून बघावं तर खालच्या वाडीत धूर. एका घरातून नाही, घराघरांतून.

"विस्तव तिथं आहे," पाटीलबाई म्हणाल्या.

"उपाशी मरू," पाटील म्हणाले, "पण त्यांच्या दारात जाणार नाही."

"तुम्ही मरा हो," पाटीलबाई म्हणाल्या. "पोराचं काय करायचं ते सांगा."

पाटील स्वतः वाकून विझलेली राख उकरू लागले.

रिबका वाळीत होती, म्हणून तिला कुणी काही विचारायला गेलं नाही. पण धूर दिसत नाही हे कळायला माणसाला कुणी सांगावं लागत नाही. तिनं मडकं घेतलं, चुंबळ घेतली आणि ती उताराकडे निघाली. पहाऱ्याची पोरं अजून तिथंच होती, भिजलेली, जांभया देत. त्यांनी तिला बघून न बघितल्यासारखं केलं.

उतारावरून कुणीतरी वर येत होतं. म्हातारीच होती ती. डोक्यावर मडकं, परळाच्या कडेतून निघणारी किंचितशी वाफ. तिच्या शेजारून एक माणूस चालत होता. त्यानं आपलं इरलं काढून मडक्यावर धरलं होतं आणि तो स्वतः नखशिखांत भिजला होता. रिबकानं त्याला तुरुंगातून आल्यापासून पाहिलं नव्हतं. तो पार वाळला होता.

म्हातारी धापा टाकत म्हणाली, "सकाळी उठल्या उठल्या वर बघितलं. तुझ्या कौलांतून धूर दिसेना. दुपार झाली तरी दिसेना. म्हटलं, माझ्यापायी तुझी चूल विझवली असणार त्यांनी."

तरुण जमिनीकडे बघत होता. "मावशी," तो म्हणाला, "मी वर येऊ नये असं वाटत असेल तर इथूनच फिरतो. आईच्या हातात इरलं देतो."

पाऊस पडत होता. पोरं जांभया द्यायची विसरली.

"तू माझा मुलगा मारलास," रिबका शेवटी म्हणाली. "ते मी विसरणार नाही. तूही विसरू नकोस. मला रडायला आलं तर मी रडेन, आणि तुझ्यासमोर रडेन. पण तुझा द्वेष करायला मला यापुढं कुणी लावू शकणार नाही. पाटील नाही, वाडी नाही, आणि तूही नाहीस."

तो रडू लागला. तिनं त्याला जवळ घेतलं नाही. तेवढं तिच्यानं झालं नाही, आणि झालं असं मी उगाच सांगणार नाही.

"इरलं नीट धर," ती म्हणाली. "मडकं भिजतंय."

तिघं चालत वाडीत आली. पोरांच्या काठ्या कुणाच्या लक्षातही आल्या नाहीत. रिबकानं थोरल्या चुलीतला चिखल उपसला, आतल्या फडताळातली कोरडी लाकडं काढली, आणि म्हातारीनं मडकं उतरवलं. कालचाच विस्तव होता तो, एक रात्र वैऱ्याच्या घरी पाहुणा राहून आलेला. रिबका फुंकायला वाकली, पण तिला धाप लागली. तिनं फुंकणी त्या तरुणाच्या हातात दिली. ती फुंकणी तिच्या मुलाची होती. त्याला ते माहीत नव्हतं. तो फुंकत राहिला आणि थोड्या वेळानं जाळ उभा राहिला.

कौलांतून धूर निघालेला पाहून बाया मडकी घेऊन धावत आल्या, पण चुलीपाशी कोण बसलंय ते पाहून उंबऱ्याशी थबकल्या. कुणी पुढं होईना, कुणी मागं जाईना. मग गर्दीतून घोंगडी पांघरलेले पाळकबाबा वाट काढत आले. त्यांच्या हातात मडकं होतं. काल मागं उभं राहिल्याची लाज त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. ते आत गेले, तरुणाच्या शेजारी मांडी घालून बसले आणि मडकं त्यानं भरावं म्हणून पुढं केलं. त्यांच्यानंतर पाटीलबाईच निघाल्या होत्या, पण पाटलांनी त्यांच्या हातातून मडकं काढून घेतलं. घरातली बाई वैऱ्यापुढं हात पसरणार, हे त्यांना बघवेना.

"रिबका," ते दारातूनच म्हणाले, "आधी त्याला बाहेर काढ. मग विस्तव घेऊ."

"थोरल्या चुलीचा नियम एकच आहे, पाटील. दारात येईल त्याला द्यायचं. त्याला दिलं, तुम्हालाही देईन. पण ज्यानं आणला त्याला बाहेर काढून कसं देऊ? आत या. तो भरून देईल."

"आणि नाही आलो तर?"

"तर दार उघडंच आहे. उद्या या."

पाटील पावसात उभे राहिले. त्यांच्या घरातून नातवाचं रडणं ऐकू येत होतं, आधी मोठ्यानं, मग थकल्यासारखं. पाटलांनी वाडीकडे पाहिलं. वाडी पाटलांकडे बघत होती. आजवर सगळे त्यांच्या मागं उभे असायचे, आज सगळे समोर होते. शेवटी ते वाकले, कारण ते दार ठेंगणं होतं, आणि आत आले.

तरुणानं मडक्यात राख पसरली, निखारे ठेवले, वर राख टाकली, परळ झाकला. पाटलांनी चुंबळ आणली नव्हती, पण पागोटं होतं. तरुणानं दोन्ही हातांनी मडकं उचललं आणि सांभाळून त्यांच्या डोक्यावर ठेवलं.

पाटील ताठ उभे राहिले. डोक्यावर निखारे होते, आणि ते वैऱ्यानं ठेवले होते. इतकी वर्षं मूठ आपटून सांगितलेलं वचन आज त्यांच्याच डोक्यावर येऊन बसलं होतं. त्याचा चटका बसत नव्हता. ऊब लागत होती. पाटलांचे कान मात्र लालेलाल झाले होते, आणि ते निखाऱ्यांनी झाले नव्हते.

"जपून जा," तरुण म्हणाला. "बाहेर चिखल आहे."

दाराशी पाटलांना वाकता येईना, तेव्हा त्याच तरुणानं मडक्याला हात लावला आणि त्यांना बाहेर काढलं.

त्या दिवशी सगळं गाव एक झालं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. काही घरांनी आणखी बरेच दिवस भिजवलेले कच्चे हरभरे खाल्ले आणि त्यात मोठेपणा मानला. देवळात बाजू बदलायला तर कितीतरी काळ लागला. पण थोरली चूल रिबकाच्याच घरी राहिली, आणि तिच्या दारात दोन्ही वाड्यांची मडकी येऊ लागली.

पुढच्या वर्षी कापणीच्या आदल्या दिवशी सवयीनं सभा भरली. सवयीनं पाटील उठले, आणि सवयीनं त्यांनी रिबकाच्या मुलाचं नाव घेतलं. तेव्हा रिबका पाटावरून उठली.

"त्याच्या नावानं शपथ घ्यायची नाही," ती म्हणाली. "तो बेसूर गायचा, आणि सगळ्यांत मोठ्यानं गायचा. आठवण काढायची असेल तर तशी काढा. नाहीतर त्याचं नाव खाली ठेवा."

मग रिबकाबरोबर येऊन दाराशी उभ्या असलेल्या खालच्या वाडीच्या म्हातारीनं एक जुनं भजन उचललं. आवाज चिरका, सूर कुठल्या कुठं. रिबकानं तिच्या आवाजात आवाज मिसळला. हळूहळू सभा गाऊ लागली, आणि इतकं बेसूर गाणं त्या पठारावर पुन्हा कधी कुणी ऐकलं नाही.

आता लेकरांनो, तात्पर्य विचाराल, तर ते रिबकामावशीच्या फटकळ बोलीतच घ्या: द्वेष करायला अख्खी वाडी सोबत मिळते, प्रीती करायला बहुधा एकट्यालाच उठावं लागतं. वैरी आवडेपर्यंत थांबू नका, त्याच्या घरी विस्तव पोचवा.